दूरदेशींचा सायकल-कारागीर आणि त्याचा यजमान

घरीं पाहुणा आला म्हणजे त्याला काय दाखवावें, हा प्रश्न यजमानापुढें प्रथम उभा राहतो. बुलढाणा जिल्ह्यांतील यजमानाला त्याचें उत्तर फारसें शोधावें लागत नाहीं. घाटावर लोणारचें सरोवर आहे, सिंदखेडराजास लखुजी जाधवांचा वाडा व जिजाऊंचें जन्मस्थान आहे. घाटाखालीं शेगांवचें गजानन महाराजांचें समाधिमंदिर आहे, खामगांवची कापसाची बाजारपेठ आहे. इतकें दाखवून वरण-बट्टीचें जेवण घातलें कीं सामान्य पाहुणा तृप्त होऊन परत जातो. परंतु हा पाहुणा जर सायकलीची चौकट स्वतःच्या हातानें घडविणारा परदेशी कारागीर असेल, तर त्याला काय दाखवावें? आणि, याहूनही महत्त्वाचें म्हणजे, त्याच्यापाशीं काय मागावें?

प्रश्न वरवर पाहतां लहान आहे. तथापि त्याच्या पोटांत एक जुना इतिहास दडलेला आहे. दूरदेशींचे जाणकार आपल्याकडे पूर्वीही आले. कांहीं माल घेऊन गेले, कांहीं माल ठेवून गेले. विद्या मात्र क्वचितच ठेवून गेले आणि क्वचितच घेऊन गेले. असें कां झालें, हें कळल्याशिवाय नव्या पाहुण्याचें आतिथ्य नीट करतां येणार नाहीं.

प्रथम हा पाहुणा करतो काय, तें पाहिलें पाहिजे. सायकलीचीं चाकें, साखळी, पायडल, सीट हीं सारीं बदलतां येतात. चौकट, जिला दुकानांत फ्रेम म्हणतात, ती बदलली कीं सायकलच बदलली. आज जगांतील बहुतेक चौकटी कारखान्यांत ठराविक मापांच्या निघतात. तरीही इंग्लंड, इटली, जपान, अमेरिका या देशांत असे कारागीर आहेत कीं जे गिऱ्हाइकाला समोर उभें करून त्याच्या पायाची, धडाची व हाताची लांबी मोजतात, तो घाटांत हिंडणार कीं सपाटीवर, एकटा जाणार कीं ओझें घेऊन, हें विचारतात, आणि मग त्या एका माणसासाठीं पोलादाच्या नळ्या कापून चौकट सांधतात. नळीचें टोंक कानशीनें घासून दुसऱ्या नळीवर असें बसवावयाचें कीं मध्यें प्रकाशाची रेघ दिसूं नये. सांध्यावर टाकणखारासारखा क्षार लावावयाचा. सांधा लाल होईपर्यंत तापवावयाचा आणि त्यांत पितळेची किंवा रुप्याची झाळ ओढून घ्यावयाची. उष्णता कमी पडली तर झाळ आंत शिरत नाहीं. जास्त झाली तर नळीचा जोर जातो. ही परीक्षा डोळा करतो आणि ती पुस्तकांतून शिकतां येत नाहीं.

सायकल आणि माणसाचें माप यांचा संबंध सायकलीच्या जन्मापासूनचा आहे. १८१७ सालीं जर्मनींत कार्ल फॉन ड्राइस यानें जें दुचाकी यंत्र केलें त्याची चौकट लाकडाची होती आणि स्वार जमिनीला पाय रेटीत पुढें जाई. पाय जमिनीस पोंचले नाहींत तर यंत्र निरुपयोगी. पुढें उंच चाकाच्या सायकली आल्या. त्यांत पायडल पुढच्या चाकालाच जोडलेलें असल्यामुळें चाकाची उंची स्वाराच्या पायाच्या लांबीवरून ठरे. ठेंगण्या माणसाचें चाक लहान, उंच माणसाचें मोठें. १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ली यानें ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन जवळजवळ सारखीं चाकें आणि मागच्या चाकाला साखळी, अशी ही रचना झाल्यावर चाक पायाच्या मापांतून सुटलें. माप चौकटींत आलें. १८८८ मध्यें बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवेचा टायर काढला आणि सायकल लोकांच्या अंगवळणीं पडली. थोड्याच वर्षांत चौकटीला चौकोनी आकार आला. तो मधल्या नळीनें दोन त्रिकोणांत विभागलेला असतो; कारण त्रिकोण दाबला तरी वांकडा होत नाहीं.

मग नळ्यांचा शोध सुरू झाला. बर्मिंगहॅमला रेनॉल्ड्स नांवाचें खिळे करणारें घराणें होतें. त्यानें १८९७ सालीं अशा नळीचें पेटंट घेतलें कीं जी टोंकांना जाड आणि मध्यें पातळ असे. जेथें सांधा येतो व ताण पडतो तेथेंच धातू जास्त, बाकी ठिकाणीं कमी. त्यामुळें चौकट हलकी होऊनही बळकट राहिली. १९३५ सालीं याच कंपनीनें मँगॅनीज व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ नांवाची नळी काढली आणि ती पुढें कित्येक दशकें उत्तम चौकटीची खूण मानली गेली. अमेरिकेंतील डेटन गांवचे राइट बंधु विमानाच्या नादीं लागण्यापूर्वीं सायकलीच करीत. १८९६ पासून ते स्वतः सायकली बांधूं लागले होते आणि त्याच दुकानाच्या मिळकतीवर व हत्यारांवर १९०३ चें विमान उभें राहिलें. लहान दुकानांतल्या हातांत केवढी शक्ति असते, याचें हें उदाहरण सर्वांना ठाऊक आहे.

सारांश, हा पाहुणा पोलादाचा जाणकार आहे. आणि पोलादाच्या जाणकारांचें येणें या प्रांताला नवीन नाहीं.

अकबराच्या काळीं अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिली, तींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन आहे. त्या सुभ्यांत मेहकर हें एक सरकार, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग, होतें. लोणारचाही उल्लेख त्यांत आहे. तेथें कांच व साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात असें त्यांत नमूद आहे. त्याच वऱ्हाड सुभ्यांत दक्षिणेकडे तेलंगण नांवाचें सरकार मोडत असे, आणि तिकडच्या इंदूर व निर्मळ या भागांत पोलादाच्या खाणी असल्याचें अबुल फजल सांगतो. हें इंदूर म्हणजे आजचें निझामाबाद. मेहकरचा सुभेदार आणि निर्मळच्या पोलादाचा सुभेदार एकच होता, असें म्हटल्यास चालेल.

या निर्मळच्या दक्षिणेस, गोदावरीपलीकडे, कोनासमुद्रम् नांवाचें खेडें आहे. १८२० च्या सुमारास लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाबरोबर हिंडणारा हेन्री वॉयसे हा डॉक्टर व भूशास्त्रज्ञ तेथें गेला. त्याचें टिपण त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ सालीं, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें गेलें. खेड्यांतील कारागीर दोन निरनिराळ्या ठिकाणचें लोखंड एकत्र करून मातीच्या मुशींत भरीत, मुशीचें तोंड मातीनें लिंपीत आणि भाते चालवून तें अहोरात्र तापवीत. मूस निवाल्यावर जो गोळा निघे तें पोलाद. या पोलादाला इराणांत मोठी मागणी होती; ज्या तलवारींच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखें जौहर दिसे, तीं पातीं अशाच गोळ्यांपासून घडविलीं जात.

वॉयसेला तेथें हाजी हुसेन नांवाचा एक पाहुणा भेटला. इस्फहानहून तो पोलाद घेण्यासाठीं आला होता आणि ही त्याची दुसरी खेप होती. पहिल्या खेपेचा माल इराणांत विकून तो पुन्हा समुद्र ओलांडून या खेड्यांत राहावयास आला होता. तो नुसता बाजारांत बसून भाव करीत नव्हता. लोखंडाचें प्रमाण तोलतांना तो जातीनें हजर असे, भट्टीचें सारें काम पाही, आणि निघालेल्या गोळ्याचा चिवटपणा स्वतः पारखून घेई. इराणांत हें पोलाद करण्याचा प्रयत्न झाला होता, पण तो फसला, असें त्यानेंच वॉयसेला सांगितलें.

आतिथ्याचा हा प्रसंग विचार करण्यासारखा आहे. पाहुणा जाणता होता, यजमानही जाणते होते. एका अंगणांत ते एकाच गोळ्याकडे पाहत होते. मुशींतून पोलाद कसें काढावें हें यजमानाला ठाऊक होतें. त्या पोलादाला किती मंद आंचेवर ठोकलें असतां जौहर उमटतें, हें इराणच्या तलवारकारांना ठाऊक होतें. म्हणजे विद्येचा अर्धा भाग गोदावरीकांठीं होता आणि अर्धा इस्फहानला. मधून ये-जा होती ती तयार गोळ्यांची. अर्धीं दोन टोंकें एकत्र बांधण्याची गरज कोणालाच भासली नाहीं, कारण व्यापार चालला होता. पुढें तलवारींचे दिवस गेले, कारखान्यांतील स्वस्त पोलाद आलें, मागणी आटली आणि मुशी थंडावल्या. ज्यांच्या हातांत विद्या होती त्यांनीं ती लिहिली नव्हती; जो पाहुणा ती रोज पाहत होता त्यानें ती नेली नव्हती. जें लिहून राहिलें तें वाटेनें जातां जातां थांबलेल्या एका डॉक्टरानें लिहिलें म्हणून.

याच सुमारास आपल्या देशाच्या पोलादाचे तुकडे लंडनलाही पोंचले होते. लोहाराच्या घरीं जन्मलेल्या मायकेल फॅरडेनें १८१९ मध्यें त्यांचें पृथक्करण केलें आणि मग स्टोडार्ट या शस्त्रें करणाऱ्या कारागिराबरोबर पोलादांत निरनिराळ्या धातू मिसळून पाहण्याचे प्रयोग मांडले. त्या प्रयोगांची वंशावळ सरळ सायकलीच्या नळीपर्यंत आणणें धाडसाचें होईल. परंतु इतकें खरें कीं तेथें वस्तु आली तेव्हां ती कशी झाली हें विचारणारा माणूस हजर होता. कोनासमुद्रम्ला वस्तु होती, माणसें होतीं, प्रश्न मात्र झाला नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याच्या स्वतःच्या इतिहासांत आतिथ्याचा दुसरा एक प्रसंग आहे, तो निराळ्या जातीचा. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. खामगांवचा बाजार भरभराटीस आला. जलंबपासून खामगांवपर्यंत सुमारें आठ मैलांचा लोहमार्ग घालण्यांत आला आणि १८७० सालीं त्याच्या उद्घाटनासाठीं खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो खामगांवीं आला. व्हॉइसरॉय येणार म्हटल्यावर मंडप, कमानी, भाषणें हें सारें ओघानेंच आलें. त्या रस्त्यानें कापूस गेला. आणि त्याच रस्त्यानें जिनिंगचीं व प्रेसचीं यंत्रें आलीं, तींही परदेशांतच घडलेलीं. यंत्र चालविणारे हात या मातींतले, यंत्र घडविणारे हात दूरचे, अशी वांटणी झाली. मानाचा पाहुणा आणि कामाचा पाहुणा यांत हा असा फरक आहे. मानाच्या पाहुण्यापाशीं कोणी हत्यार मागत नाहीं.

सायकल आली तीही अशीच, आपल्या घडविणाऱ्याशिवाय. पेटींत भरून, सुटे भाग कागदांत गुंडाळून ती मुंबई बंदरांत उतरली. या पाहुणीचें मराठी मुलुखांतील सर्वांत फलदायी आतिथ्य झालें तें बेळगांवीं. गुर्लहोसूर गांवीं १८६९ सालीं जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस यंत्रांचीं चित्रें काढण्यास शिकविणारे शिक्षक होते. ते मुंबईंत सायकली घेऊन बेळगांवीं आपले बंधु रामुअण्णा यांच्याकडे पाठवीत आणि रामुअण्णा त्या विकीत. १८८८ हें या दुकानाच्या आरंभाचें वर्ष मानलें जातें. सायकल चालविण्यास शिकवावयाचें तर पंधरा रुपये घेत. त्या काळीं ही रक्कम थोडी नव्हती.

तथापि महत्त्वाची गोष्ट विक्री नव्हे. सायकल विकणाऱ्याला ती दुरुस्त करावी लागते, दुरुस्त करावयाची तर ती उघडावी लागते, आणि उघडली कीं ती कशी केली आहे हा प्रश्न आपोआप पुढें येतो. लक्ष्मणरावांनीं तो प्रश्न सोडला नाहीं. नोकरींत डावललें गेल्यावर ते बेळगांवीं येऊन राहिले. सायकलीच्या दुकानांतून कडबा कापण्याचें यंत्र आलें, लोखंडी नांगर आला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळें पहिले नांगर कित्येक दिवस गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले. पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें, किर्लोस्करवाडी वसली. सायकलीचा कारागीर बेळगांवीं कधींच आला नव्हता; परंतु त्याच्या हातची वस्तु आली तेव्हां यजमानानें तिला प्रश्न विचारले आणि तिनें उत्तरें दिलीं.

लक्ष्मणरावांनीं चौकटी मात्र केल्या नाहींत. त्यांची वाट नांगराकडे वळली. चौकटीचें काम आपल्याकडे झालें तें पुढें मोठ्या कारखान्यांतून. मुंबईस हिंद सायकल, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या भागीदारींतला कारखाना, सोनपतला १९५१ मध्यें अ‍ॅटलस, लुधियानास १९५६ मध्यें हीरो असे एकामागून एक कारखाने उभे राहिले. त्यांनीं देशावर उपकारच केले. शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, कापडाचा फेरीवाला, शाळेंत जाणारा पोरगा या सर्वांना परवडेल अशी काळी, दणकट सायकल त्यांनीं दिली. लग्नांत जांवयाला घड्याळाबरोबर सायकल द्यावयाची, इतका तिचा मान वाढला. नगरपालिकेचा बिल्ला, रात्रीचा दिवा, डबलसीट बसल्याबद्दलचा दंड, हें सारें तिच्या संसाराचा भाग झालें.

पण या सायकलीला माप बहुधा दोनच, बावीस इंची आणि चोवीस इंची. माणसें मात्र दोन मापांचीं नव्हतीं. मग काय झालें? सायकल माणसाला येईना, तेव्हां माणूस सायकलीला येऊं लागला. तासाच्या भाड्यानें सायकल घेऊन शिकणारा नऊ-दहा वर्षांचा पोरगा सीटवर बसूं शकत नसे. तो चौकटीच्या त्रिकोणांतून एक पाय पलीकडे घाली, अंग वांकडें करी, आणि ‘हाफ पायडल’ मारीत गांवाबाहेरच्या रस्त्यावर निघे. ज्या नळीवर पुढें मित्राला बसवावयाचें त्या नळीखालून आपलें बालपण गेलें, हें आज पन्नाशी-साठी उलटलेल्या कितीतरी माणसांना आठवेल. त्याचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु तें कौतुक मुलाच्या जिद्दीचें आहे, चौकटीच्या मापाचें नव्हे.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. माणसाला मोजून वस्तु करणें ही परदेशींची चैन आहे, असा समज सहज होतो. गोष्ट नेमकी उलटी आहे. वऱ्हाडांतील गांवच्या सुताराकडे औत, तिफण, वखर, डवरा तयार मिळत नसे. बैलजोडीची उंची पाहून, माणसाचा हात कोठें पोंचतो तें पाहून, शेत भारी काळीचें कीं बरड तें विचारून तो लांकूड तासी. चांभार पाय कागदावर ठेवून रेघ ओढी, शिंपी दोरीनें छाती मोजी. मापानें काम करणें हाच आपल्याकडील शेंकडों वर्षांचा रिवाज. एका मापांत सर्वांना बसविणें ही कारखान्यानें आणलेली नवी गोष्ट. तेव्हां जो परदेशी कारागीर गिऱ्हाइकाची मांडी मोजून नळी कापतो, तो आपल्या गांवच्या सुताराचाच दूरचा भाऊबंद आहे. त्याला पाहून नवल वाटण्यापेक्षां ओळख पटली पाहिजे.

आणि ही ओळख पटविणारा माणूस या जिल्ह्यांत अद्याप आहे. तो म्हणजे सायकल-मिस्त्री. बुलढाणा जिल्हा घाटावर आणि घाटाखालीं असा दोन भागांत विभागलेला. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांवराजा वर. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव-जामोद खालीं. ज्या सायकलीवर दुधाचे कॅन लटकतात, ज्वारीचें पोतें बसतें, कधीं घरचें आजारी माणूस दवाखान्यांत नेलें जातें, तिची चौकट कोठेंतरी दगा देतेच. कधीं चिमट्याच्या वरच्या सांध्याशीं, कधीं पायडल फिरतें त्या नळकांड्याजवळ. मिस्त्री रंग खरवडतो, चीर कोठपर्यंत गेली तें नखानें पाहतो, टाकणखार टाकतो, पितळेची झाळ ओढतो आणि वरून एक पट्टी किंवा जादा नळी बसवून सायकल परत देतो. कोणत्या सांध्यावर किती ओझें पडतें, याचा जो अनुभव त्याच्या हातांत आहे तो बर्मिंगहॅमच्या कारागिरापाशीं असेलच असें नाहीं. कारण तिकडे एका सायकलीवर दोन मण माल कोणी घालीत नाहीं. उलट, हलकी नळी कशी निवडावी, कोन कसा साधावा, सांधा घालतांना चौकट सरळ कशी धरावी, हें तिकडच्या कारागिराकडून शिकण्यासारखें आहे. पुन्हा तीच परिस्थिति: अर्धी विद्या येथें, अर्धी तेथें.

दोन अर्ध्यांची भेट झाली म्हणजे काय होऊं शकतें, याचें एक उदाहरण आफ्रिकेंत घडलें. कॅलिफोर्नियांतील क्रेग कॅल्फी हा हातानें चौकटी करणारा नामांकित कारागीर. तरुणपणीं तो आफ्रिकेंत हिंडला होता आणि तेथें बांबू मुबलक व सायकली दुर्मिळ, हें त्यानें पाहिलें होतें. १९९० नंतरच्या दशकांत त्यानें बांबूची चौकट करून पाहिली. बांबूच्या नळ्यांचे सांधे वनस्पतीच्या तंतूंनीं गुंडाळावयाचे, त्यावर राळेसारखें घट्ट होणारें रसायन चढवावयाचें आणि तें सुकल्यावर घासून गुळगुळीत करावयाचें, अशी ही रीत. २००७ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठांतील शास्त्रज्ञांबरोबर तो घाना देशांत गेला आणि पुढें तेथील लोकांना त्यानें हें काम शिकविलें. तो तेथें तयार सायकली विकावयास गेला नव्हता. यजमानांपाशीं बांबू होता, तो तोडण्याचें व वाळविण्याचें ज्ञान होतें, आणि हातांना काम हवें होतें. पाहुण्यापाशीं माप आणि सांधा होता. आज घानांत बांबूच्या चौकटी करणाऱ्या एकाहून अधिक संस्था आहेत, त्यांत स्त्रियाही काम करतात, आणि तेथल्या चौकटी जर्मनींत विकल्या जातात. ज्या दिशेनें पाहुणा आला त्याच दिशेनें आतां माल जातो. परंतु विद्या यजमानाच्या घरींच राहिली आहे.

बुलढाणा जिल्ह्याला हें उदाहरण परकें वाटण्याचें कारण नाहीं. जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याचा डोंगर आहे आणि पलीकडे मेळघाट. तेथें लवादा गांवीं संपूर्ण बांबू केंद्रानें बांबूच्या कामाचें शिक्षण दिलें आहे. गांवोगांवचे बुरूड बांबूची जात, वय आणि कीड हातानें ओळखतात. पुण्यांत वायुसेनेंतून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यानें ‘बांबूची’ या नांवानें बांबूच्या सायकली करून दाखविल्या आहेत. म्हणजे पोलाद असो कीं बांबू, माती, माल आणि हात हीं तिन्ही आपल्या जवळ आहेत. उणीव आहे ती त्यांना एका बांकावर बसविण्याची.

आणि हें काम हौसेचें नाहीं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतून ग्रामीण भागांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीं सायकली दिल्या जातात. त्या योजनेच्या जिल्ह्यांत बुलढाण्याचाही समावेश आहे. गांवांत सातवीपुढें शाळा नाहीं, एस्. टी. वेळेवर नाहीं, अशा ठिकाणीं त्या एका सायकलीवर एका मुलीचें शिक्षण अवलंबून असतें. परंतु आठवींतील मुलगी आणि बारावींतील मुलगी यांच्या उंचींत वीतभर अंतर पडतें. सीट फार उंच असली तर पाय पुरत नाहींत, फार खालीं असली तर गुडघे दुखतात. हॅण्डल दूर असलें तर पाठ वांकते. दोन-चार मैलांच्या चढाच्या रस्त्यावर हा त्रास रोज झाला, तर एके दिवशीं सायकल भिंतीला टेकून राहते, आणि तिच्याबरोबर मुलगीही घरीं राहते. त्या सायकलीला नवी चौकट लागतेच असें नाहीं. सीटची दांडी किती वर घ्यावी, हॅण्डल किती जवळ आणावें, मुलगी वाढेल तशी सायकल कशी वाढवावी, हें मोजून सांगणारा एक मिस्त्री तालुक्याच्या गांवीं असला तरी पुष्कळ झालें. माप घेण्याची ही विद्याच तो परदेशी पाहुणा आपल्या हातांत घेऊन येतो.

तेव्हां असा कारागीर जिल्ह्यांत आला तर त्याला लोणार अवश्य दाखवावें, शेगांवची कचोरीही खाऊं घालावी. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला हारतुऱ्यांच्या सभेंत न बसवितां सायकल-मिस्त्रीच्या दुकानांत नेऊन बसवावें. मधें दुभाष्या असला तर उत्तम, नसला तरी तुटलेला सांधा दोघांनाही वाचतां येतो. पाहुण्यानें एक चौकट मापानें सांधून दाखवावी. मिस्त्रीनें एक मोडकी चौकट ओझ्यासाठीं सांधून दाखवावी. शेजारीं शाळेंतील चार मुली आणि त्यांच्या सायकली असाव्यात, म्हणजे माप कोणाचें घ्यावयाचें हा प्रश्न उरणार नाहीं. आणि जवळ एक वही असावी. जें घडलें तें त्याच दिवशीं, मराठींत, मापांसह व आकृत्यांसह त्या वहींत उतरवून घ्यावें.

ही वही म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे. दोनशें वर्षांपूर्वी कोनासमुद्रम्ला जाणता पाहुणा होता, जाणते यजमान होते, पेटलेली भट्टी होती; नव्हती ती एवढीच. त्या खेड्यांतील पोलादाची कहाणी आज वाचावयाची तर ती वॉयसेच्या टिपणांतून वाचावी लागते, आणि ते गोळे कसे निघत हें दाखविणारा हात आतां तेथें उरलेला नाहीं.